अक्षर आणि आशय : बायबलच्या कथांतील आध्यात्मिक प्रतीकार्थाचा इतिहास

जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत १३७ वे स्तोत्र आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचा पाडाव केला, मंदिर जाळले आणि यहुदी समाजातील अनेकांना बंदी करून परमुलखात नेले. त्या वनवासाचे हे गीत आहे. नदीकाठी बसून रडणारी माणसे, झाडांना टांगलेल्या वीणा, आणि 'तुमच्या देशाचे एखादे गाणे म्हणा' अशी जेत्यांनी केलेली क्रूर फर्माईश, हे सारे त्यात आहे. जगाच्या विलापकाव्यात या स्तोत्राचे स्थान फार वरचे आहे. मात्र त्याचा शेवट वाचताना वाचक दचकतो. शत्रूची तान्ही मुले उचलून खडकावर आपटणाऱ्याला तिथे धन्य म्हटले आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या शेवटाचा उलगडा करणे फारसे अवघड नाही. सर्वस्व लुटल्या गेलेल्या माणसाचा तो आक्रोश आहे, असे म्हणून त्याला पुढे जाता येते. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाची अडचण निराळी आहे. त्याला ही ओळ केवळ वाचायची नसते, ती प्रार्थना म्हणून उच्चारायची असते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे म्हणून झाली पाहिजेत, असा दंडक होता. ज्या प्रभूने शत्रूवर प्रीती करा असे सांगितले, त्याच्याच वेदीपुढे उभे राहून शत्रूच्या अर्भकांच्या हत्येचे गीत कसे गायचे? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात बायबलच्या कथांचा प्रतीकार्थ शोधण्याची जी प्रचंड परंपरा उभी राहिली, तिच्या मुळाशी पांडित्याची हौस असेलही; पण त्याहून अधिक ही अडचण आहे, असे आम्हांला वाटते.

या स्तोत्रापुरते उत्तर तिसऱ्या शतकातच दिले गेले होते. बाबिलोन म्हणजे गोंधळ, चित्ताची विस्कळीत अवस्था. तिची तान्ही मुले म्हणजे मनात नुकतेच उपजलेले दुष्ट विचार. ते वाढून बळावण्याआधीच खडकावर आपटावेत. आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त. मूर्तिपूजक तत्त्वज्ञ सेल्सस याच्या आक्षेपांचे खंडन करताना ओरिगेनने हा अर्थ मांडला, ऑगस्टीनने तो स्वीकारला, आणि बेनेडिक्टच्या नियमावलीतही तो आला. ज्या शस्त्राचे टोक शत्रूकडे होते ते साधकाने स्वतःकडे वळवून घेतले. ही वळवावळव कुठून आली, तिने काय राखले आणि काय गमावले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

अलेक्झांड्रियाचा वारसा

प्रतीकार्थाची ही पद्धत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. होमरच्या महाकाव्यांतील देव भांडतात, फसवतात, व्यभिचार करतात; तेव्हा त्या कथांत निसर्गाची तत्त्वे आणि मनाच्या वृत्ती दडलेल्या आहेत, असे सांगून ग्रीक विचारवंतांनी, विशेषतः स्टोइकांनी, आपल्या काव्याची प्रतिष्ठा सांभाळली होती. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हे या विद्येचे एक मोठे केंद्र. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात याच नगरात सुरू झाले. येथेच येशूचा समकालीन असलेला यहुदी तत्त्वज्ञ फिलो होऊन गेला. मोशेच्या ग्रंथांतील कथा त्याने आत्म्याच्या प्रवासाच्या कथा म्हणून वाचल्या. अब्राहाम खास्द्यांचा देश सोडून निघतो. फिलोच्या मते ग्रहताऱ्यांनाच देव मानणारी ज्योतिषविद्या मागे टाकून आत्मा ईश्वराकडे निघाला, असा त्याचा गूढार्थ. मात्र शब्दार्थाला त्याने रजा दिली नाही. नियमांचा गूढ अर्थ कळला म्हणून प्रत्यक्ष आचार सोडून देणाऱ्या आपल्याच ज्ञातिबांधवांना त्याने समज दिली आहे.

नव्या करारात ही दृष्टी आणखी एका अंगाने दिसते. योना तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या पोटात राहील, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मोशेने अरण्यात पितळी साप उंचावला, तसेच मनुष्याच्या पुत्राला उंचावले जाईल, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हागार आणि सारा या अब्राहामाच्या दोन स्त्रिया म्हणजे दोन करार, असा अर्थ लावला. आणि तिथे त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले त्याच घराण्यातला शब्द पुढे 'अ‍ॅलेगरी' म्हणून युरोपीय भाषांत रुळला. पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाच्या जलप्रलयाचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फिलोचे वाचन मुख्यतः रूपकाचे आहे. त्यात घटना कालातीत तत्त्वांची वाहक होते. नव्या करारातील वाचन बहुधा पूर्वचिन्हाचे आहे. त्यात एक ऐतिहासिक घटना पुढे येणाऱ्या दुसऱ्या ऐतिहासिक घटनेची छाया मानली जाते. रूपक काळाला छेद देऊन वर जाते, पूर्वचिन्ह काळाच्या ओघातून पुढे जाते. ख्रिस्ती परंपरेत हे दोन प्रवाह वारंवार मिसळले, आणि बरेचसे वाद त्या मिसळणीतूनच उद्भवले.

कात्री आणि किल्ली

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी नगरातून रोमला आलेल्या मार्सियनने या प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर दिले. जुन्या करारातला न्याय करणारा, सूड घेणारा देव आणि येशूचा प्रेमळ पिता हे एकच असणे शक्य नाही, असे तो म्हणाला. त्याने जुना करार संपूर्णपणे बाजूला सारला. छाटणी केलेले लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढाच त्याचा धर्मग्रंथ उरला. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले. मार्सियनचे एक मोठेपण मान्य करावे लागते. त्याने कथेतील क्रौर्यावर पांघरूण घातले नाही. जे वाचून त्याला त्रास झाला ते त्याने मोकळेपणाने सांगितले, आणि मग कात्री उचलली.

कात्रीऐवजी किल्ली शोधणारा विचारवंत म्हणजे ओरिगेन. त्याचा जन्म इ. स. १८५ च्या सुमाराचा. तो सतरा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याचा पिता लिओनिदीस छळात मारला गेला. पुढे अलेक्झांड्रिया आणि पॅलेस्टाईनमधील कैसरिया येथे त्याने जे लेखन आणि प्रवचने केली, त्यांनी ख्रिस्ती वाचनपद्धतीचा पाया घातला. देह, जीव आणि आत्मा अशी माणसाची तीन अंगे, तशीच वचनाचीही तीन अंगे असतात, हे त्याचे सूत्र. देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली, किंवा सूर्यचंद्र नसताना पहिले तीन दिवस उजाडले आणि मावळले, असे शब्दशः मानणारा शहाणा माणूस कोण, असा रोकडा प्रश्न त्याने विचारला आहे. कथेत अशक्य किंवा अनुचित वाटणाऱ्या जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. वाचकाला तिथे ठेच लागावी आणि त्याने वरवरचा अर्थ सोडून खोल उतरावे, ही त्यामागची योजना आहे, असे तो मानी.

यहोशवाच्या पुस्तकावरची त्याची प्रवचने या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. त्या पुस्तकात कनान देशाच्या विजयाच्या कथा आहेत. नगरेच्या नगरे कापून काढल्याची वर्णने आहेत. ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू ही दोन्ही नावे एकच. ओरिगेन म्हणतो, की हे युद्ध आपल्या अंतःकरणात चालले आहे. जिंकायचे राजे म्हणजे क्रोध, लोभ, अहंकार. आणि सेनापती येशू. यरीहोतील राहाब या वेश्येने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताची खूण, हा अर्थ तर त्याच्याही आधी, पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथकरांना गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात आढळतो.

स्वतः ओरिगेनचे भागधेय विचित्र होते. सम्राट डेसियसच्या काळातल्या छळात, इ. स. २५० च्या सुमारास, त्याला तुरुंगात हाल सोसावे लागले आणि नंतर थोड्याच वर्षांत तो वारला. मृत्यूनंतर तीन शतकांनी, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचे नाव पाखंड्यांच्या यादीत घातले. त्यामुळे त्याचे पुष्कळ लेखन नष्ट झाले. २०१२ मध्ये म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयातील एका हस्तलिखितात स्तोत्रांवरची त्याची २९ ग्रीक प्रवचने मरीना मोलिन प्रादेल यांना सापडली. ज्याला मंडळीने धिक्कारले, त्याचेच शब्द निनावीपणे तिच्या पोथ्यांत टिकून राहिले होते.

एका दृष्टांताचे दोन जन्म

या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत घ्यावा. यरुशलेमहून यरीहोकडे चाललेल्या माणसाला लुटारू गाठतात आणि अर्धमेला करून टाकतात. याजक पाहून निघून जातो, लेवी निघून जातो. यहुद्यांना जो परका आणि हीन वाटे, तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दिनार देतो. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे.

ओरिगेनने आपल्या पूर्वीच्या एका वडीलधाऱ्याचा हवाला देऊन त्याचा अर्थ असा सांगितला : वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे संसार, लुटारू म्हणजे वैरी शक्ती, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि 'मी परत येईन' हे वचन म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन. ऑगस्टीनने त्यात भर घालून उतारशाळेच्या रखवालदारात पौलाला पाहिले. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातली एक रंगीत काचेची खिडकी आहे. तिच्यात खाली शोमरोन्याची कथा आणि वर आदाम-हव्वेची कथा अशी एकाच चौकटीत रंगवली आहे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनाही ही व्याख्या डोळ्यांनी वाचता येई.

आधुनिक अभ्यासकांनी या व्याख्येवर कडक टीका केली. जर्मन पंडित अडोल्फ युलिशर यांनी १८८८ आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात प्रतिपादन केले, की दृष्टांताला एकच मुद्दा असतो, त्याच्या प्रत्येक अवयवाला गुप्त अर्थ चिकटवणे चूक आहे. १९३५ साली सी. एच. डॉड यांनी दृष्टांतांवरच्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच ऑगस्टीनची ही व्याख्या अशा वाचनाचा नमुना म्हणून पुढे ठेवली. त्यांचा आक्षेप खरा आहे. याजक म्हणजे नियमशास्त्र असे एकदा ठरले, की आपल्या गावातल्या याजकाच्या अंगाला काही लागत नाही. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त असे ठरले, की परक्या जातीच्या माणसाकडून माणुसकी शिकण्याचा जो धक्का मूळ श्रोत्यांना बसला असेल, तो विरून जातो.

तरीही या जुन्या व्याख्येत एक गोष्ट आहे, जी टीकाकारांच्या हातून निसटते. तिने वाचकाची जागा बदलली. सरळ वाचनात आपण स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी पाहतो. प्रतीकार्थात आपण रस्त्यावर पडलेला जखमी असतो. आपल्यालाही कुणीतरी उचलले आहे, हे ज्याला उमगले, तो दुसऱ्याला उचलताना उपकाराची ऐट मिरवणार नाही. ओरिगेनही तिथे थांबत नाही. प्रवचनाच्या अखेरीस तो श्रोत्यांना त्या शोमरोन्याचे अनुकरण करून वाटेत पडलेल्यांची कणव करण्यास सांगतोच. प्रतीकार्थ आणि आचार यांची फारकत त्याच्या मनात नव्हती. ती त्याच्या मागून आलेल्यांच्या आळसातून झाली.

पाया, भिंती आणि रंग

या पद्धतीला विरोध ख्रिस्ती परंपरेच्या आतूनही झाला. अंत्युखियाच्या परंपरेतील दियोदोर आणि मोप्सुएस्त्याचा थिओडोर यांनी चौथ्या-पाचव्या शतकांत बजावले, की कथेचा इतिहासच हरवला तर अर्थ कशाचा लावायचा? कोणत्याही शब्दातून काहीही काढता येत असेल, तर वाचक शेवटी स्वतःचेच मत वाचतो. हा आक्षेप आजही तितकाच धारदार आहे.

दुसरीकडे, ज्यांना या पद्धतीने श्रद्धेचे दार उघडून दिले, त्यांत ऑगस्टीन होता. मानी पंथात सुमारे नऊ वर्षे घालवलेल्या या वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापकाला जुन्या करारातील कथा ओबडधोबड आणि अनैतिक वाटत. ३८४ नंतर मिलान येथे बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकताना त्याला कळले, की याच कथा आध्यात्मिक अर्थानेही वाचता येतात. ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथात त्याने प्रतीकार्थाला दोन लगाम घातले. धर्मग्रंथात जे एके ठिकाणी गूढपणे आले आहे ते बहुधा दुसरीकडे स्पष्टपणे आलेले असते, हा एक. आणि ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ धर्मग्रंथाचा नव्हे, हा दुसरा. अर्थाची कसोटी म्हणून प्रीतीला पुढे करणे, ही या सबंध इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

पाचव्या शतकात जॉन कॅसियनने यरुशलेम या एकाच नावातून चार अर्थ उलगडले. इतिहासात ते यहुद्यांचे नगर, रूपकात ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या दृष्टीने माणसाचा आत्मा आणि अंतिम आशेच्या दृष्टीने स्वर्गीय नगर. मध्ययुगात हीच चौपदरी पद्धत रूढ झाली. पोप ग्रेगरी यांनी ईयोबाच्या पुस्तकावरील भाष्यात घराची उपमा दिली : इतिहासाचा पाया, त्यावर प्रतीकार्थाच्या भिंती आणि त्यांवर नीतीचा रंग. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी सांगितले, की सारे अर्थ शब्दार्थावर उभे असतात आणि सिद्धान्ताचा युक्तिवाद शब्दार्थावरूनच करता येतो.

चित्रांतून तर हे वाचन दूरवर पोहोचले. पंधराव्या शतकात लाकडी ठशांनी छापलेल्या 'बिब्लिया पाउपेरुम' या चित्रग्रंथात प्रत्येक पानावर मधोमध येशूच्या जीवनातला प्रसंग आणि दोन्ही बाजूंना जुन्या करारातील दोन पूर्वचिन्हे असत. क्रूसाच्या एका बाजूला इसहाकाचे बलिदान, दुसऱ्या बाजूला पितळी साप. येशूला कबरीत ठेवण्याच्या प्रसंगाच्या बाजूंना विहिरीत टाकलेला योसेफ आणि माशाच्या तोंडातला योना. स्वतःच्या दुःखातही असाच काही दूरचा अर्थ दडलेला असेल, हा दिलासा सामान्य भाविकाने अशा चित्रांतून घेतला असेल, तर त्यात नवल नाही.

मराठीच्या अंगणात

मराठीच्या अभ्यासकांना हा सारा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. रामायणाची कथा सांगता सांगता तीत अध्यात्म पाहणाऱ्या आपल्या ग्रंथाला एकनाथांनी 'भावार्थ रामायण' असे नाव दिले. त्यांच्या भारुडांत तर जोशी, महार, वासुदेव, विंचू असे सारे जग रूपक होऊन येते. एकनाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला. त्याच्या वीस वर्षे आधी, १५७९ च्या ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता.

स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याची दोन पुराणांतली मांडणी मुळातच पूर्वचिन्हाच्या तत्त्वावर उभी आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा तारकाच्या प्रतीक्षेची कथा म्हणून येते, दुसऱ्यात त्याचे आगमन आणि चरित्र येते. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण श्रोता विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नामागे त्या काळातली सक्ती आहे, तुटलेली देवळे आहेत. ते विसरून या ग्रंथाचे केवळ सौंदर्य पाहता येणार नाही. पण कवीने तो प्रश्न श्रोत्याच्या तोंडून ग्रंथात येऊ दिला, हेही विसरता येत नाही. स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या या ओवीने बायबलच्या कथांना मराठी प्रतीकसृष्टीची कूस दिली. तीन शतकांनी नारायण वामन टिळकांनी आरंभलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेल्या 'ख्रिस्तायना'त हाच सांधा पुन्हा दिसतो.

साम्य असले तरी भेद पुसू नये. एकनाथांच्या परंपरेत कथा घडली की नाही, या प्रश्नावर भावार्थाचे जगणेमरणे अवलंबून नसते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पितळी साप प्रतीक असला, तरी क्रूस केवळ प्रतीक राहू शकत नाही. म्हणूनच इतिहास आणि प्रतीक यांचा झगडा तिथे इतका तीव्र झाला.

प्रतीकाची किंमत

या पद्धतीची सर्वांत मोठी किंमत यहुदी समाजाने मोजली. छाया आणि वस्तू अशी भाषा एकदा रुळली, की वस्तू हाती आल्यावर छायेचे काम संपते. दुसऱ्या शतकातील सार्दीसचा बिशप मेलितो याने वल्हांडणाच्या कोकऱ्यात ख्रिस्त पाहिला, त्याच प्रवचनात त्याने इस्राएलावर देवहत्येचा आरोपही केला. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलच्या दारावर तेराव्या शतकात दोन स्त्रिया कोरल्या गेल्या : मुकुट घातलेली विजयी मंडळी आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेले, मोडका भाला धरलेले यहुदी सभास्थान. ज्यांच्या घरातून ग्रंथ आला, त्यांनाच तो वाचता येत नाही, असा त्या शिल्पाचा अर्थ.

विसाव्या शतकात मार्सियनची कात्री पुन्हा बाहेर आली. १९२१ मध्ये अडोल्फ फॉन हारनाक यांनी मार्सियनवरच्या ग्रंथात लिहिले, की प्रोटेस्टंटांनी जुना करार अजून प्रमाणग्रंथ म्हणून धरून ठेवणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे. त्यांच्या विद्वत्तेत यहुद्यांच्या संहाराची इच्छा नव्हती. पण १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपलास्टमध्ये 'जर्मन ख्रिस्ती' पक्षाच्या सभेत जुना करार टाकून देण्याची मागणी झाली, तेव्हा तिच्यात वंशद्वेष उघड होता. यहुदी असल्यामुळे मारबुर्गच्या अध्यापकपदावरून काढले गेलेले एरिख आउअरबाख इस्तंबूलला गेले. १९३८ मध्ये त्यांचा 'फिगुरा' हा निबंध प्रसिद्ध झाला. पूर्वचिन्हात पहिली घटना दुसरीत विरघळत नाही, दोन्ही तितक्याच खऱ्या आणि ऐतिहासिक राहतात, असे त्यांनी त्यात दाखवले. वरकरणी हा शब्दार्थाचा कोरडा इतिहास आहे. पण तो कोणी, कुठून आणि कोणत्या वर्षी लिहिला हे पाहिले, की त्यातली निकड जाणवते.

पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात यहुदी समाजावरचा सामुदायिक आरोप नाकारला. २००१ मध्ये पोपच्या बायबलविषयक आयोगाने मान्य केले, की धर्मग्रंथांचे यहुदी वाचनही आपल्या परीने शक्य आणि ग्राह्य आहे. डोळ्यांवरची पट्टी काढायला इतकी शतके लागली, आणि ती काढल्यावर दिसले, की ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर कधी नव्हतीच.

कापलेली पाने

प्रतीकार्थ नेहमी बळवंतांच्याच हाती राहिला, असे मात्र नाही. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापण्यात आले. त्यातून इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा वगळली होती. ज्यांनी ती वगळली त्यांना तिचा अर्थ नीट कळला होता. अमेरिकेतील गुलामांनी तीच कथा कानांवाटे मिळवली आणि गाण्यांत बांधली. फारो म्हणजे मळ्याचा मालक, यार्देन म्हणजे मृत्यूची नदी आणि स्वातंत्र्याची सीमाही. गुलामांना गुप्तपणे उत्तरेकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक 'मोशे' म्हणू लागले. ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे मार्टिन लूथर किंग यांनी आपण डोंगरमाथ्यावरून वचनदत्त देश पाहिल्याचे सांगितले, तेव्हा श्रोत्यांना मोशेचा शेवट आठवल्याशिवाय राहिला नसेल. दुसऱ्या दिवशी किंग यांची हत्या झाली. येथे प्रतीक म्हणजे वास्तवापासून पळवाट नव्हती. वास्तवाला नाव देण्याचे ते साधन होते.

आता १३७ व्या स्तोत्राकडे वळू. १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक मंडळीच्या सुधारित दैनिक प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रे आणि १३७ व्या स्तोत्राचा शेवट वगळण्यात आला. हेतू चांगला होता. तरी आम्हांला वाटते, की ओरिगेनने दिलेले उत्तर या वगळण्यापेक्षा अधिक धाडसी होते. त्याने ओळ ठेवली, तिचा भार ठेवला आणि तो स्वतःच्या अंतःकरणावर घेतला. त्यात अर्थातच मूळ गायकाचे दुःख झाकले जाण्याचा धोका होता. ते दुःख आठवूनही त्या ओळीने स्वतःची झडती घेता येणे अशक्य नाही. उलट दोन्ही एकत्र वाचले तरच स्तोत्र पुरते वाचले असे होईल.

या दीर्घ इतिहासातून एक साधी कसोटी हाती लागते. जो प्रतीकार्थ शस्त्राचे टोक वाचकाकडे वळवतो, तो बहुधा तारतो. जो दुसऱ्याचा इतिहास पुसून त्यावर आपली छाया रंगवतो, तो मारतो. ऑगस्टीनच्या प्रीतीच्या कसोटीचाही अर्थ शेवटी हाच असावा. ती ज्याच्या हाती असताना स्ट्रासबुर्गची शिल्पे घडली, तो समाज ती कसोटी जाणत नव्हता असे नाही. जाणूनही ती स्वतःला लावून पाहणे राहून गेले. धर्मग्रंथ कोणताही असो, भाष्यकारांच्या हातून हेच वारंवार राहून जाते, आणि म्हणून हा इतिहास केवळ ख्रिस्ती श्रद्धावंतांपुरता नाही.